मधुमेहात चालायचं कसं : सलग, की जोरात-सावकाश आलटून-पालटून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी सव्वासहाला आमचा गट पुण्यात टेकडीच्या पायथ्याशी जमतो. मी फिजिओथेरपिस्ट. गटातल्या बहुतेकांना टाइप टू मधुमेह आहे, कुणाला दोन वर्षांपासून, कुणाला वीस. नवीन माणूस आला की पहिल्या आठवड्यात जे प्रश्न विचारतो ते इतके ठरलेले असतात, की शेवटी लिहूनच काढले. ज्या क्रमाने विचारले जातात, साधारण त्याच क्रमाने.

ताई, "इंटरव्हल" म्हणजे धावायचं का?

नाही. साठीच्या माणसाला मी धावायला सांगत नाही. इंटरव्हल म्हणजे एवढंच, की व्यायामाचा जोर सारखा न ठेवता तो चढवायचा आणि उतरवायचा. आमच्याकडे तीन मिनिटं जोरात चालायचं, तीन मिनिटं सावकाश, आणि अशी पाच आवर्तनं करायची. झाला अर्धा तास. गटात याचं नाव पडलंय "तीन-तीन".

पद्धत जपानची आहे. मात्सुमोतो शहरातल्या शिन्शू विद्यापीठात हिरोशी नोसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मध्यमवयीन आणि वयस्कर लोकांसाठी बसवली. जोरात म्हणजे स्वतःच्या कमाल क्षमतेच्या ७० टक्के किंवा थोडं वर, सावकाश म्हणजे ४० टक्क्यांच्या आसपास. आठवड्यातून किमान चार दिवस. २००७ साली त्यांनी २४६ जणांवरचा पाच महिन्यांचा अभ्यास छापला, सरासरी वय ६३. तीन-तीन करणाऱ्यांच्या मांड्यांची ताकद १३ ते १७ टक्क्यांनी वाढली, वरचा रक्तदाब उतरला. दिवसाला ८,००० पावलं एका चालीत चालणाऱ्यांमध्ये मात्र फारसा बदल दिसला नाही. हा अभ्यास मधुमेहींचा नव्हता, सर्वसाधारण लोकांचा होता. मधुमेहींचा पुढे येतोच.

मग सलग चालणं वाईट? एका वाक्यात सांगा.

वाईट मुळीच नाही, पण तेवढाच वेळ घालवणार असाल तर आलटून-पालटून चालण्यातून दम जास्त वाढतो आणि साखरही बहुधा थोडी जास्त उतरते, अट एकच, की जोरात चालणं तुमच्या हृदयाला, डोळ्यांना आणि पायांना चालणारं हवं.

एक वाक्य मागितलंत, मिळालं. आता खरी गोष्ट.

हे कशावरून म्हणता?

मला सगळ्यात पटलेला अभ्यास डेन्मार्कचा, कोपनहेगनमध्ये झालेला, २०१३ साली प्रसिद्ध झालेला. टाइप टू मधुमेहाचे ३२ रुग्ण. आठ जणांनी काहीच वेगळं केलं नाही. बारा जण सलग चालले. बारा जण तीन-तीन पद्धतीने चालले. चार महिने, आठवड्यातून पाच दिवस, दर वेळी एक तास. दोन्ही गटांनी खर्च केलेली ऊर्जा सारखी राहील अशी काळजी घेतली होती, आणि खरी मेख तिथेच आहे. नाहीतर "ते जास्त दमले, म्हणून त्यांचं जास्त उतरलं" असं म्हणून कुणीही मोकळं झालं असतं.

चार महिन्यांनी तीन-तीनवाल्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे आपण ज्याला दम म्हणतो ती, १६ टक्क्यांनी वाढलेली होती. वजन सरासरी ४.३ किलो उतरलं. दिवसभर साखर टिपणारा सेन्सर लावला होता, त्यातली सरासरी आणि सर्वांत वरचा आकडा दोन्ही खाली आले. सलग चालणाऱ्यांची साखर होती तिथेच राहिली. काहीच न करणाऱ्यांची वाढली.

शेवटचं वाक्य परत वाचा. सलग चालणारे जिथे होते तिथे राहिले, घरी बसलेले घसरले. चार महिन्यांत मधुमेह आपोआप पुढे सरकतो, तो जागच्या जागी धरून ठेवणं हीसुद्धा कमाई आहे. म्हणून सलग चालणाऱ्यांना मी कधी हसत नाही.

आता उलट बाजू. एका गटात बारा माणसं म्हणजे एस.टी.च्या मागच्या दोन रांगा. एवढ्या माणसांवरून देशाचं धोरण ठरवू नये. शिवाय हे लोक चार महिने आठवड्याला पाच तास खरोखर चालले. तुम्ही-आम्ही लग्नसराईत किती दिवस चालतो ते आपलं आपल्याला ठाऊक.

पण चालीत बदल केल्याने साखरेला काय फरक पडतो? कॅलरी तर त्याच!

हा प्रश्न आमच्या गटातल्या एका निवृत्त गणिताच्या शिक्षकांनी विचारला होता, आणि बरोबर जागी बोट ठेवलं होतं.

जेवणानंतर रक्तात आलेली साखर साठवायचं सर्वांत मोठं कोठार म्हणजे स्नायू. स्नायूच्या पेशीत साखर आत ओढणारं एक प्रथिन असतं, ग्लुट-४. एरवी ते पेशीच्या पोटात दडून बसलेलं असतं. इन्सुलिनचा निरोप आला की पृष्ठभागावर येतं आणि साखर आत घेतं. टाइप टू मधुमेहात निरोप जातो, पण पलीकडे तो धड ऐकूच येत नाही. गंमत अशी, की स्नायू आकुंचन पावला की हेच प्रथिन इन्सुलिनची वाट न बघता वर येतं. म्हणजे औषधाने जे काम कष्टाने होतं ते पायऱ्या चढताना फुकट होतं.

आता जोर. रमतगमत चालताना मांडीतले ठरावीक धागेच राबतात. बाकीचे बँकेतल्या दुपारच्या काउंटरसारखे, हजर पण बंद. चाल वाढवली की तेही कामाला लागतात, त्यांच्यात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, खर्च होतं, आणि ते परत भरून काढण्यासाठी स्नायू पुढे चोवीस तास, कधी अठ्ठेचाळीस तासही, रक्तातली साखर ओढत राहतात. सलग अर्धा तास तितक्या जोरात चालणं बहुतेकांना झेपत नाही. मध्ये तीन मिनिटं सावकाश चाललं की झेपतं. इंटरव्हलमध्ये युक्ती म्हणून आहे ती एवढीच. ते सावकाश चालणं म्हणजे पुढची तीन मिनिटं विकत घेणं.

मी रोज पाऊण तास चालतो. तरी साखर हलत नाही. असं का?

आधी मी एक सकाळ तुमच्या मागून चालेन, मग उत्तर देईन. आजवर ज्यांच्या मागून चालले त्यांचं साधारण असं असतं. पहिली दहा मिनिटं चौघांची वाट बघण्यात. मग चाल बरी असते, पण राजकारण निघालं की पाय थांबतात आणि हात चालू होतात. कट्ट्यावर पाच मिनिटं. परतताना चहा, सोबत क्रीमरोल. पाऊण तासातलं खरं चालणं वीस मिनिटं, तेही अशा चालीत की घामाचा थेंब नाही.

यात गंमत केली तरी मुद्दा गंभीर आहे. २०११ साली बऱ्याच प्रयोगांचे निकाल एकत्र करून पाहिले तेव्हा दिसलं, की आठवड्याला १५० मिनिटांपेक्षा जास्त नेमका व्यायाम करणाऱ्या मधुमेहींची साखरेची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, सुमारे ०.८९ टक्के-अंकांनी उतरली. १५० किंवा कमी मिनिटं करणाऱ्यांची ०.३६ ने. आणि "व्यायाम करत जा" असा नुसता सल्ला, सोबत आहाराचं मार्गदर्शन नसेल तर, काहीच कामाचा ठरला नाही. आम्ही दवाखान्यात दिवसाला कितीदा तो सल्ला देतो, ते आठवून मला जरा लाजच वाटली.

तेव्हा सलग की इंटरव्हल हा वाद त्यांच्यासाठी, ज्यांची १५० मिनिटं भरतात. ज्यांची भरत नाहीत त्यांनी आधी ती भरावीत.

"जोरात" म्हणजे किती जोरात? घड्याळ घ्यावं लागेल का?

मुलाने परदेशातून पाठवलं असेल तर जरूर बांधा, पण लागत नाही. बाराचा पाढा पुरतो.

सावकाश चालताना बाराचा पाढा एका दमात, सुरात म्हणता यायला हवा. मध्यम चालीत पाढा होतो, सूर जातो. आणि जोरात चालताना तो असा तुटायला हवा : बारा एके बारा... बारा दुणे... चोवीस... बारा त्रिक... म्हणजे दर तीन-चार शब्दांनी श्वास घ्यावा लागला पाहिजे. एक शब्दही फुटत नसेल तर फार झालं, कमी करा. बारा दाहे म्हणेपर्यंत आवाज कुठेच अडकला नाही तर तुम्ही जोरात चाललाच नाहीत. तीन सावकाश मिनिटांच्या शेवटी पाढा पुन्हा सुरात आला पाहिजे. येत नसेल तर पुढचं आवर्तन जरा उशिरा सुरू करा.

नाडीवर विसंबू नका असं सांगायला माझ्याकडे कारण आहे. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल अशी गोळी चालू असेल तर कितीही जोर लावला तरी नाडी फारशी वाढत नाही. "२२० वजा वय" हे कमाल नाडीचं सूत्र तिथे फसतं. गटातले एक काका घड्याळात १३० आकडा येईना म्हणून चढावर पळत सुटले होते. गोळी आकडा येऊ देत नव्हती. मी खालून ओरडले म्हणून थांबले.

पहिल्या दिवशी नेमकं काय करू?

पहिल्या दिवशी इंटरव्हल करूच नका. पहिले दोन-तीन आठवडे सलग चाला, अर्धा तास विनासायास होईपर्यंत. मग असं :

पाच मिनिटं घरून निघाल्यासारखं साधं चाला. मग एक मिनिट जोरात, तीन मिनिटं सावकाश. हे तीनदा. शेवटी पाच मिनिटं हळूहळू थंड व्हा, एकदम बाकावर बसू नका, चक्कर येते. दर आठवड्याला जोरातलं मिनिट थोडं वाढवा, दीड, दोन, अडीच. तीनवर पोचायला कुणाला पाच आठवडे लागतात, कुणाला दहा. त्यात कसली शर्यत?

जोरात चालताना पाऊल लांब टाकण्यापेक्षा भरभर टाका. कोपर काटकोनात, हात मागे खेचा. एसटी सुटत असताना आपण जसं चालतो, पळायची लाज वाटते आणि गाडी तर गाठायची असते, तसं. ही उपमा सांगितली की शिकवावं लागत नाही, सगळ्यांना एकदम जमतं.

वेळ मोजायला मोबाइलवर गजर लावा. नाहीतर खांब मोजा. आमच्या रस्त्यावर तीन मिनिटांत सातवा दिवा येतो.

व्हिडिओत एक मिनिटाचं दणदणीत "हिट" दाखवतात. दहा मिनिटांत काम. ते करू का?

"हिट" म्हणजे फार जोराचे, छोटे इंटरव्हल. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २०११ साली तसा प्रयोग झाला आहे. टाइप टूचे आठ रुग्ण, सायकलवर एक मिनिट कमाल नाडीच्या ९० टक्क्यांपर्यंत, एक मिनिट विश्रांती, असं दहा वेळा. दोन आठवड्यांत फक्त सहा सत्रं. चोवीस तासांची सरासरी साखर साधारण १३७ वरून ११९ वर आली. आकडा मोहात पाडणारा आहे हे कबूल.

पण ती माणसं प्रयोगशाळेत होती, आधी हृदय तपासून घेतलेली, शेजारी माणूस उभा. तुमच्या दिवाणखान्यात सोफा आहे आणि नातवाचे ठोकळे पडलेत. एका जिममध्ये आमच्या गटातल्या एका बाईंना पहिल्याच दिवशी उड्या आणि बर्पी करायला लावल्या, मधुमेह आहे का हेही न विचारता. त्या अंधारी येऊन बसल्या, मग दोन महिने कुठल्याच व्यायामाकडे फिरकल्या नाहीत. नुकसान अंधारीपेक्षा त्या दोन महिन्यांनी जास्त केलं. हिट करायचंच असेल तर तीन-तीनवर सहा महिने काढा, तपासण्या करून घ्या, आणि उड्यांऐवजी जागची सायकल वापरा.

घोटाळा झाला! व्यायामाआधी १४८ होती, नंतर १८२. वाढली कशी?

घाबरू नका, हे होतं. जोर लावला की अ‍ॅड्रेनॅलिन सुटतं, आणि अ‍ॅड्रेनॅलिन यकृताला सांगतं, साठ्यातली साखर बाहेर काढ, काम आलंय. स्नायू जितकी ओढतात त्यापेक्षा जास्त साखर थोडा वेळ रक्तात येते. सकाळी उपाशीपोटी हे जास्त दिसतं, कारण पहाटे यकृत तसंही साखर सोडतच असतं. तासा-दोन तासांत आकडा उतरतो, आणि पुढच्या दिवसभरात खाली राहतो.

म्हणून बूट काढता काढता बोट टोचू नका. दोन तासांनी टोचा. किंवा जेवणानंतरच्या आकड्यांची पंधरा दिवसांची वही ठेवा, आणि एका आकड्यावर रडायचं सोडा.

सलग, मध्यम चालण्याने साखर तिथल्या तिथे उतरताना दिसते, आणि लोकांना म्हणून तेच बरं वाटतं. डोळ्यांना दिसणारं समाधान. ज्यांना त्या समाधानावरच टिकाव धरता येतो त्यांना मी सलगच चालू देते.

कुणी करू नये?

इथे मी थट्टा करत नाही.

मधुमेहात हृदयाच्या नसा आखडलेल्या असूनही छातीत दुखत नाही, असं होऊ शकतं. दुखणं कळवणाऱ्या मज्जातंतूच बधिर झालेल्या असतात. मग नेहमीच्या जिन्यावर अचानक लागलेली धाप, किंवा कारण नसताना आलेला गळाठा, एवढीच खूण असते. म्हणून चाळिशीच्या पुढे, मधुमेहाला दहाएक वर्षं झाली असतील, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू यांतलं काही जोडीला असेल, तर जोरातलं चालणं सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा : मला ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट करायला हवी का? सगळ्यांना लागत नाही. कुणाला लागते ते त्यांनी ठरवायचं, मी नाही आणि तुमच्या मेव्हण्यानेही नाही.

डोळ्यांच्या पडद्यावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या उगवल्या असतील, किंवा नुकतंच लेझर झालं असेल, तर जोर लावणं, श्वास रोखणं, उड्या आणि डोकं खाली करणं बंद. नेत्रतज्ज्ञांनी हो म्हटल्याशिवाय इंटरव्हल नाही. पायाला जखम असेल तर चालणंच नाही, खुर्चीत बसून हातांचे व्यायाम.

साखर २५० च्या वर आणि जोडीला ताप, उलट्या किंवा सारखी तहान असेल तर घरी थांबा आणि डॉक्टरांना फोन करा. चालताना छातीवर दाब, जबडा किंवा डावा हात भरून येणं, डोळ्यांपुढे काजवे, यांतलं काहीही झालं तर थांबा. "एवढं आवर्तन संपवतो" नाही.

भीती फार बसू नये म्हणून दुसरी बाजूही सांगते. नॉर्वेतल्या पुनर्वसन केंद्रांमधल्या हृदयरुग्णांच्या एक लाख पंचाहत्तर हजार तासांच्या व्यायामाची नोंद २०१२ साली छापली गेली. एवढ्या तासांत हृदय बंद पडण्याच्या घटना तीन, एक मध्यम व्यायामात, दोन जोराच्या. जोराचे तास कमी होते, तेव्हा त्याचा धोका जास्त हे खरं. पण मुळात धोका किती लहान, तेही बघा. आणि ती सगळी माणसं तपासलेली होती, देखरेखीखाली होती.

मी गोळ्या घेतो. व्यायामात साखर एकदम कमी होईल का?

कोणती गोळी त्यावर आहे. नुसती मेटफॉर्मिन, किंवा सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिनसारखी असेल तर तशी शक्यता फार कमी. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांची लघवीतून साखर आणि पाणी जातं, त्यांनी पाण्याची बाटली विसरू नये. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन असेल तर मात्र सावध. निघताना ९० च्या खाली असेल तर एखादं केळं खाऊन निघा. इन्सुलिन मांडीत टोचून लगेच चालायला निघू नका, ते लवकर शोषलं जातं. त्या दिवशी पोटावर घ्या. आणि संध्याकाळी जोरात चाललात तर रात्री झोपण्याआधी एकदा तपासा, स्नायू रात्रभर साखर ओढत असतात.

साखर कमी झाल्याच्या खुणा : हात थरथरणं, घाम, धडधड, भूक, चिडचिड. मेटोप्रोलॉलसारख्या गोळीवर धडधड लपते, घाम लपत नाही. ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात ढवळून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. पेढा, चॉकलेट, बिस्किटं खिशात ठेवणारे बरेच भेटतात. तूप आणि चरबीमुळे त्यातली साखर उशिरा चढते, ऐन वेळी उपयोगाची नाही.

आणि हे नीट वाचा, कारण फार कमी जणांना सांगितलं जातं. तुमच्या गोळीच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अ‍ॅकार्बोज हे नाव आहे का? आपल्याकडे ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनच्या जोडीने एकाच गोळीत व्होग्लिबोज असणं अगदी नेहमीचं. ही औषधं साध्या साखरेचं पचन लांबवतात. मग साखरपाणी वेळेवर कामाला येत नाही, ग्लुकोजची पावडरच लागते. आजच एक पुडी चालण्याच्या खिशात टाका.

उपवासाच्या दिवशी?

ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनवर असाल तर निरंकार उपवास आणि तीन-तीन एका दिवशी नको. साबुदाण्याची खिचडी खाऊन "उपास" असेल तर चालाच, त्या दिवशी गरज जास्त आहे.

सकाळीच चालायला हवं का? जेवणानंतर चाललं तर?

आजीला विचारा. शतपावली हा आपल्याकडचा जुना रिवाज, आणि त्याच्यामागे आता पुरावाही आहे. न्यूझीलंडच्या ओटॅगो विद्यापीठातल्या २०१६ च्या अभ्यासात टाइप टूच्या ४१ रुग्णांना काही दिवस रोज कधीही एकदा अर्धा तास चालायला सांगितलं, आणि काही दिवस तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं. दहा-दहावाल्या दिवसांत जेवणानंतरची साखर १२ टक्क्यांनी कमी निघाली, रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. आपल्याकडे रात्री नऊला भात आणि दहाला झोप, म्हणून हा २२ चा आकडा मी गटात पाठ करून घेतलाय. फक्त शंभर पावलांवर थांबू नका, हजारेक होऊ द्या.

माझी स्वतःची शिफारस अशी : आठवड्यातून तीन-चार दिवस सकाळी किंवा संध्याकाळी तीन-तीन, आणि रात्रीच्या जेवणानंतर रोज दहा मिनिटं साधी शतपावली. भरल्या पोटी जोरात चालू नका, पोटात कळ येते. दोन्ही प्रकार एकत्र नांदतात, भांडण लावायची गरज नाही.

गुडघे दुखतात.

उतार टाळा, चढ चालतो. गुडघ्याला त्रास देतो तो उतार. चढावर जोर वाढवायला वेगही लागत नाही, म्हणून टेकडी ही आयती इंटरव्हल. वर जाताना जोर, सपाटीवर विसावा. फारच दुखत असेल तर जागची सायकल किंवा कमरेएवढ्या पाण्यात चालणं. दुखण्याची तपासणी मात्र करून घ्या, "वय झालं" हे निदान नव्हे.

पावसाळ्यात काय?

इमारतीचा जिना. एक-दोन मजले चढा, लिफ्टने उतरा, लिफ्टची वाट बघणं हाच विसावा. आमच्याकडे एक काकू जून ते सप्टेंबर असंच करतात. कोकणात आणि गोव्यात मे महिन्यातला दमटपणा त्याहून वाईट, घाम वाळत नाही. तिथे पहाटे किंवा घरात.

मी सडपातळ आहे. मला वजन कुठे उतरवायचंय?

हा प्रश्न पुण्यात विचारावा यात न्याय आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर बारीक, आतून नाही. आपल्या बऱ्याच जणांचं असंच आहे. हात-पाय काटकुळे, पोट थोडं पुढे, आणि साखर साठवायला स्नायूच कमी.

तुम्हाला वजन उतरवायचं नाही, कोठार मोठं करायचंय. तीन-तीनच्या जोडीला आठवड्यातून दोनदा, मध्ये एक दिवस सोडून, ताकदीचे व्यायाम करा. हात न टेकता खुर्चीतून उठ-बस, भिंतीला टेकून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. डंबेल्सचं दुकान नंतर शोधा.

बूट हवेतच का? मी अनवाणी फिरतो, हिरवळीवर.

हवेतच. तळव्याची जाणीव कमी झाली की काच रुतलेली कळत नाही. एप्रिलमध्ये देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालून तळव्याला फोड आलेले लोक मी पाहिलेत, त्यांना ते फोड घरी जाऊन दिसले. सुती मोजे, अंगठ्यापुढे बोटभर जागा असलेला बूट, आणि रात्री तळवा आरशात बघणं. वाकता येत नसेल तर नातवाला बघायला सांगा, त्यांना आवडतं.

फरक कधी दिसेल?

जेवणानंतरच्या आकड्यात पंधरा दिवसांत. जिना चढताना महिन्याभरात. एचबीएवनसी तीन महिन्यांनी, त्याआधी तपासून पैसे घालवू नका. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही. आकडे उतरले तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा, कमी करायची का ते त्यांना ठरवू द्या.

एक दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू का?

नको. व्यायामाने इन्सुलिनचं ऐकू येण्यात जी सुधारणा होते ती दोन-तीन दिवसांत ओसरते. म्हणून एक दिवस बुडाला तर बुडू द्या, सलग दोन बुडवू नका. लग्नाला गाडीने निघाला असाल तर ढाब्यावर उतरून आवाराला दहा मिनिटं फेऱ्या मारा. आमच्या गटातले सगळे मारतात, ड्रायव्हरलाही आता सवय झालीय.